तर्काची ओळख (भाग 4) : खाडीचे पाणी का चढले?

मागील भागात निगमन आणि विगमन पाहिले. नियमावरून उदाहरणाकडे येणे हे निगमन. अनेक उदाहरणांवरून नियमाकडे जाणे हे विगमन. स्पर्धापरीक्षेची पुस्तके या दोघांचे वेगळे रकाने पाडतात, आणि निगमन तेवढे पक्के, विगमन कच्चे, असा समज रूढ होतो. माझे म्हणणे वेगळे आहे. अनुमान ज्या संबंधावर उभे असते, त्याचे कारण आपल्याला किती उमगले आहे, यावर त्याची भिस्त असते.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडा फरक पडतो, पण काम भागते. आज अष्टमी, म्हणून सहाच्या सुमारास भरती, हे निखळ निगमन. पण पाऊणपटीचा नियम आला कुठून? पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाहिल्यामुळे, म्हणजे विगमनातूनच. निगमनाची खात्री इथे उसनी आहे. तरी ती टिकते, कारण चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. आता मुंबईलगतच्या मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या पाहा. 1991च्या जनगणनेत ती सुमारे पावणेदोन लाख होती, 2001 मध्ये सुमारे 5 लाख 20 हजार. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! हीच चाल पुढे धरली, तर 2011 मध्ये साडेपंधरा लाख व्हायला हवे होते. झाले सुमारे 8 लाख 9 हजार. पद्धत तीच, विगमनाचीच. पण इथली वाढ मुंबईतून घरासाठी बाहेर पडणाऱ्यांमुळे झाली होती. डोंगर, मिठागरे आणि खाडी यांच्यामध्ये अडकलेल्या शहरात ती त्याच वेगाने चालत राहावी, असे बंधन कशाचेच नव्हते.

तिसरा प्रकार परिणामावरून कारणाकडे जातो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने एकोणिसाव्या शतकात त्याला स्वतंत्र स्थान दिले. आपल्याकडे वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात तो ‘शेषवत्’ या नावाने आधीच आहे. नदी फुगलेली दिसली, म्हणजे वर पाऊस झाला, हे त्याचे उदाहरण. न्यायसूत्रांनी यावरचा आक्षेपही नोंदवला आहे: नदी बांध घातल्यामुळेही फुगते, मग अनुमानावर विसंबायचे कसे? उल्हास नदी जिथे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या भाईंदरला तर बांधाचीही गरज नाही. तिथे भरतीमुळे पाणी दिवसातून दोनदा चढतेच. जेसल पार्कच्या काठावर उभे राहून नुसती पातळी पाहणाऱ्याने पावसाचा निष्कर्ष काढला, तर तो बहुतेक वेळा चुकेल.

नैयायिकांचे उत्तर असे की दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात पाने-लाकडे वाहत येतात. बांधाने तुंबलेल्या पाण्यात हे नसते. हीच कसोटी खाडीला लावता येते. पाणी चढताना ओढ घोडबंदरकडे, म्हणजे खाडीच्या आतल्या बाजूला, असेल तर ती भरती. पातळी चढत असूनही गढूळ पाणी जलपर्णी घेऊन समुद्राकडे धावत असेल, तर वरच्या पावसाचा संशय सबळ होतो. दोन्ही कारणे एकदम आली, तर खुणाही मिसळतात. अशा वेळी एकच कारण ठामपणे सांगणे उतावीळपणाचे ठरेल.

यावर कोणी विचारील, की कारणाचे ज्ञानसुद्धा अनुभवातूनच येते. मग हे गोल फिरणे नव्हे काय? नव्हे, कारण ते दुसऱ्या बाजूने तपासता येते. चंद्राची गती मोजायला समुद्र पाहावा लागत नाही. दोन स्वतंत्र वाटा एकाच निष्कर्षाला पोचल्या, की त्याचे वजन वाढते. लोकसंख्येच्या अंदाजालाही ही वाट खुली होती: मोकळी जमीन किती उरली, घरे किती उभी राहू शकतात, हे मागच्या जनगणनांकडे न पाहताही तपासता येते. म्हणून एखादे अनुमान समोर आले, की ते निगमन की विगमन, हे ओळखून थांबू नये. कारण कोणते मानले आहे आणि ते आणखी कशाने पडताळले, हे विचारावे. पुढील भागात ‘उपाधी’, म्हणजे खऱ्या कारणाऐवजी त्याच्या सोबत्यालाच कारण समजण्याची चूक.