फारोसचे नाव व कोरुन्याचा मनोरा

विशेषनामाचे सामान्यनाम झाले म्हणजे मूळ वस्तू नष्ट झाल्यावरही नाव टिकते. अलेक्झांड्रियानजीकच्या फारोस बेटावर इ. स. पू. २८० च्या सुमारास उभारलेला दीपस्तंभ चौदाव्या शतकातील भूकंपांनी ढासळला. परंतु बेटाचे नाव लॅटिनमध्ये दीपस्तंभमात्राचे वाचक ठरले व फ्रेंच 'फार', स्पॅनिश व इटालियन 'फारो' या रूपांनी ते आजही प्रचारात आहे.

याउलट, स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरील आ कोरुन्या येथे वस्तूच टिकली आहे. तेथील 'हर्क्युलीसचा मनोरा' हा रोमन दीपस्तंभ आजही जहाजांना प्रकाश दाखवितो. पायथ्याच्या लॅटिन शिलालेखात गायुस सेव्हियुस लुपुस या स्थपतीचे नाव आढळते. मनोऱ्याभोवतीची बाह्य चढण कालांतराने नाहीशी झाली. १७८८ मध्ये आरंभिलेल्या जीर्णोद्धारात एउस्ताकियो जानिनी या नौदल अभियंत्याने रोमन गाभ्यास नवे दगडी आवरण घातले व त्यावर जुन्या चढणीची खूण म्हणून एक तिरपा पट्टा राखला. उच्चारातून लोपलेला अनुस्वार १९६२ च्या नियमांपर्यंत मराठी लेखनात राहिला, तसाच हा पट्टा होय.

मग हा दीपस्तंभ रोमन म्हणावा की अठराव्या शतकातला? भाषेच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ' व मराठी 'हात' यांत रूप पालटले. परंपरा तुटली नाही. युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या या मनोऱ्याचे आवरण नवे आहे. गाभा व कार्य मात्र जुनेच आहे. त्याचे प्राचीनत्व तेथेच पाहिले पाहिजे.