खारट घामाचा आजार : सिस्टिक फायब्रोसिस व त्याची निगा

कांहीं रोग पाहुण्यासारखे येतात, चार दिवस त्रास देतात व औषधोपचार होतांच निघून जातात. दुसरे कांहीं रोग मनुष्याबरोबरच जन्मास येतात व आयुष्यभर त्याच्या घरीं बिऱ्हाड करून राहतात. पहिल्या प्रकारच्या रोगाशीं एकदांच निकराची झुंज द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या रोगाशीं ती रोज थोडीथोडी द्यावी लागते. आज ज्या रोगाची माहिती आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस करून देणार आहों, तो या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याचें नांव सिस्टिक फायब्रोसिस. योग्य निगा न झाल्यास तो बाळपणींच प्राण घेतो. निगा झाल्यास तेंच मूल शाळेंत जातें, मोठें होतें व संसारहि करितें. म्हणून ही निगा कशी राखावयाची, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

रोगाचा शोध

जुन्या काळीं युरोपांत अशी एक समजूत होती कीं, ज्या बालकाच्या कपाळाचा मुका घेतला असतां ओठांस खारट चव लागते, तें बालक फार दिवस जगत नाहीं. या समजुतींत मोठें तथ्य होतें. परंतु तें कळून येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयांत काम करणाऱ्या डॉरोथी अँडरसन या विदुषीनें, अन्न न पचून दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनावरून असें दाखवून दिलें कीं, त्यांपैकीं कित्येकांचें स्वादुपिंड व्रणासारखें घट्ट होऊन त्यांत लहान लहान पुटिका झालेल्या असतात. यावरूनच रोगास हल्लींचें नांव पडलें.

पुढें १९४८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क शहरांत उष्णतेची लाट आली. उन्हानें मूर्च्छित होऊन रुग्णालयांत येणाऱ्या मुलांत याच रोगाचीं मुलें फार, हें पॉल डि सांत-आन्येझे या डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं अशा मुलांचा घाम तपासला, तेव्हां तो इतरांच्या घामाहून कितीतरी खारट निघाला. हा शोध १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. १९५९ पासून घामाची तपासणी करण्याची सोपी व निर्धोक रीत प्रचारांत आली, आणि १९८९ सालीं रोगाचें मूळ जें बिघडलेलें जनुक, तें सातव्या गुणसूत्रावर सांपडलें.

शरीरांत काय बिघडतें

आपल्या शरीरांतील पेशींच्या भिंतींत क्षारांच्या जाण्यायेण्यासाठीं सूक्ष्म दारें असतात. त्यांपैकीं एक दार या जनुकाच्या आज्ञेनें बनतें. जनुक बिघडलें म्हणजे दार बनत नाहीं, किंवा बनलें तरी नीट उघडत नाहीं. क्षार जिकडे जातो तिकडे पाणी जातें, असा नियम आहे. फुप्फुसांतील नळ्यांत क्षार व पाणी पुरेसें न उतरल्यामुळें तेथील कफ पातळ न राहतां चिकासारखा चिकट होतो, नळ्यांत अडकून बसतो, आणि त्यांत जंतूंची वाढ होते. खोकला, ताप व फुप्फुसांची हळूहळू झीज हे त्याचेच परिणाम होत.

स्वादुपिंडाच्या नलिका अशाच तुंबतात. मग पाचक रस आंतड्यांत उतरत नाहींत व खाल्लेलें तूप, तेल, दूध अंगीं न लागतां तसेंच बाहेर पडतें. अशा मुलाची भूक दांडगी, परंतु अंग काटकुळें. शौच पुष्कळ, तेलकट व अतिशय दुर्गंधियुक्त, असा प्रकार दिसतो. घामाच्या ग्रंथींत गोष्ट उलट घडते. निरोगी मनुष्याच्या घामांतील बराचसा क्षार त्वचेबाहेर येण्यापूर्वींच परत शोषला जातो. येथें तें दार बंद असल्यानें तो घामाबरोबर वाहून जातो.

हा रोग स्पर्शानें, खोकल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. तो आई व बाप या दोघांकडून आलेला वारसा आहे. दोघेहि स्वतः धडधाकट असतात. परंतु प्रत्येकाच्या जनुकांच्या जोडींतील एक जनुक बिघडलेलें असतें. मुलाच्या वांट्यास दोन्ही बिघडलेलीं जनुकें आलीं तरच त्यास रोग होतो. असें घडण्याचा संभव प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक इतका असतो. मूल आजारी निघालें कीं सुनेच्या पायगुणास किंवा तिच्या माहेरास बोल लावण्याची आपल्याकडील चाल किती अन्यायाची आहे, हें यावरून उघड होईल. यांत कोणाचाहि अपराध नसतो.

आपल्या देशांतील अडचण

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो होतच नाहीं, असा समज पुष्कळ वर्षें डॉक्टरांतहि होता. १९६८ च्या सुमारास भारतांतील रोग्यांच्या नोंदी वैद्यकीय मासिकांतून येऊं लागल्या, तेव्हां तो समज ढळूं लागला. तरीहि आजसुद्धां कित्येक मुलांवर क्षय समजून, कित्येकांवर दमा समजून व कित्येकांवर पोटाचा जुना विकार समजून उपचार होत राहतात, आणि मोलाचीं वर्षें फुकट जातात. याकरितां आईबापांनीं पुढील लक्षणें ध्यानांत ठेवावींत : वारंवार उलटणारा न्यूमोनिया, महिनोन्महिने न हटणारा खोकला, पोटभर खाऊनहि न वाढणारें वजन, तेलकट शौच, त्वचेवर मिठाचे पांढरे कण किंवा खारट चव, आणि घरांतील एखादें भावंड अशाच आजारानें पूर्वीं दगावलेलें असणें. यांपैकीं दोनतीन एकत्र दिसल्यास घामाची तपासणी कोठें होते, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. या तपासणींत हातावर औषध लावून सौम्य विजेच्या साह्यानें घाम आणितात व तो गोळा करून त्यांतील क्लोराइड मोजतात. तें लिटरास ६० मिलिमोल किंवा अधिक भरल्यास रोगाचें निदान बहुतेक निश्चित होतें. सुई टोंचावी लागत नाहीं.

आहार

या रोगांत आहार हें निम्में औषध आहे. पूर्वीं या मुलांस स्निग्ध पदार्थ पचत नाहींत म्हणून तूपलोणी बंद करीत. कॅनडांतील टोरांटो येथील डॉक्टरांनीं उलट मार्ग धरिला : पाचक औषध वाढवावें, पण मुलास स्निग्ध अन्न भरपूर द्यावें. १९८८ सालीं टोरांटो व अमेरिकेंतील बॉस्टन येथील रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची शक्ति दोन्हीकडे सारखीच होती. परंतु टोरांटोचे रोगी अधिक उंच होते, व तेथील निम्मे रोगी तिशीपर्यंत जगत, तर बॉस्टनकडील निम्मे एकविसाव्या वर्षापर्यंतच. तेव्हांपासून भरपूर उष्मांकांचा, स्निग्ध व प्रथिनयुक्त आहार हाच सर्वत्र नियम झाला आहे.

सुदैवानें आपल्या स्वयंपाकघरांत अशा पदार्थांची वाण नाहीं. भातावर तुपाची धार, भाकरीबरोबर लोणी, सायीचें दूध व दही, शेंगदाण्याचा लाडू, अंडीं, मासे, पनीर, केळें हीं सर्व उपयोगी आहेत. तीन वेळांच्या जेवणाखेरीज मधल्या वेळींहि कांहींतरी सकस खावें. इतर मुलांस जें अधिक खाणें ठरेल, तें या मुलास गरजेपुरतेंच असतें. म्हणून भावंडांनीं त्याच्या ताटाकडे पाहून रुसूं नये.

मात्र नुसतें खाऊन भागत नाहीं. ज्यांचें स्वादुपिंड निकामी झालें आहे, त्यांनीं प्रत्येक जेवणाच्या व फराळाच्या आरंभीं पाचक रसांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या असतात, ही गोष्ट ज्यांच्या धर्मांत अडचणीची असेल त्यांनीं डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलावें. परस्पर औषध बंद करूं नये. गोळी चावूं नये. लहान मुलासाठीं ती उघडून आंतील बारीक दाणे आंबटसर फळाच्या गरांत घालून भरवावे व मागाहून तोंड स्वच्छ करावें. किती गोळ्या घ्यावयाच्या, हें डॉक्टरच ठरवितात. याशिवाय अ, ड, ई व के हीं स्निग्धांत विरघळणारीं जीवनसत्त्वें नेमानें द्यावीं लागतात.

आपल्या हवेंत मिठाची गोष्ट विशेष महत्त्वाची. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत, खेळतांना किंवा तापांत या मुलांच्या अंगांतील मीठ झपाट्यानें कमी होतें. मूल मलूल होतें, ओकतें व कधीं बेशुद्धहि पडतें. म्हणून त्यास मीठ घातलेलें ताक, लिंबाचें खारें सरबत व पुरेसें पाणी वारंवार द्यावें. आईच्या दुधांत मीठ थोडें असतें. यासाठीं तान्ह्या मुलास किती मीठ जास्त द्यावें, हें डॉक्टरांकडून मोजून घ्यावें. मोठेपणीं कांहीं रोग्यांस मधुमेहहि जडतो. अशा वेळीं इन्सुलिन घ्यावें लागतें, परंतु पोट मारण्याची चूक करूं नये.

कफ काढणें व व्यायाम

चिकटलेला कफ रोज बाहेर काढणें, हें या रोग्याचें नित्यकर्म होय. दिवसांतून बहुधा दोनदां, जेवणापूर्वीं, हें काम करितात. लहान मुलाच्या छातीवर व पाठीवर ओंजळीसारख्या केलेल्या हातानें आई किंवा वडील ठराविक रीतीनें थापट्या मारितात. मोठीं मुलें दीर्घ श्वास, मग जोराचा उच्छ्वास, मग विसांवा, अशा क्रमानें स्वतःच कफ वर आणण्यास शिकतात. ही रीत रुग्णालयांतील तज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

त्यापूर्वीं यंत्रानें मिठाच्या पाण्याचा फवारा श्वासावाटे घेण्याची पद्धत आहे. तिची हकीकत मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियांत समुद्राच्या लाटांवर फळीनें स्वार होणाऱ्या कांहीं रोग्यांची प्रकृति इतरांहून चांगली राहते, असें तेथील डॉक्टरांस दिसून आलें. समुद्राचे खारे तुषार छातींत जाऊन कफ सैल होत असावा, असा तर्क करून त्यांनीं शेंकडा ७ मिठाच्या पाण्याचा प्रयोग केला, व त्याचा उपयोग २००६ सालीं सिद्ध झाला. मात्र हें पाणी निर्जंतुक असावें लागतें. घरीं मीठ कालवून तें करूं नये.

या मुलांनीं खेळूं नये, दमूं नये, असें पुष्कळ आईबापांस मायेपोटीं वाटतें. ही माया घातक आहे. धांवणें, पोहणें, दोरीवरील उड्या, सायकल, लंगडी यांनीं श्वास खोल जातो, कफ सुटतो, छातीचे स्नायू बळकट होतात व भूक लागते. प्रकृतीच्या मानानें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज खेळावें. खेळ ही कफ काढण्यास जोड आहे, ती तिच्या ऐवजीं नव्हे.

रुग्णालय

प्रकृति बरी असतांहि सुमारें तीन महिन्यांनीं रुग्णालयांत जावें. तेथें वजन व उंची मोजतात, नळींत फुंकर मारावयास लावून फुप्फुसांची शक्ति पाहतात व कफांतील जंतु तपासतात. स्यूडोमोनास नांवाचा जंतु आरंभींच सांपडला तर त्यास हांकलून लावितां येतें. एकदां ठाण मांडून बसला म्हणजे तो सहसा जात नाहीं. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, भूक गेली किंवा वजन उतरलें, तर पुढील तारखेची वाट पाहूं नये. अशा वेळीं कधीं कधीं दोन आठवडे रुग्णालयांत राहून शिरेवाटे प्रतिजैविकें घ्यावीं लागतात. बरें वाटूं लागतांच औषध अर्धवट सोडणें, हा मोठा धोका होय.

येथें एक चमत्कारिक नियम सांगितला पाहिजे. या रोगाच्या दोन रोग्यांनीं एकमेकांजवळ बसूं नये, कारण एकाच्या छातींतील जंतु दुसऱ्याच्या छातींत सहज घर करितात. परंतु निरोगी सोबत्यांस त्यांपासून भय नाहीं. म्हणून वर्गांत अशा मुलास वेगळ्या बाकावर बसविणें निरर्थक व निष्ठुर आहे.

२०१२ पासून बिघडलेल्या दारासच कामास लावणारीं औषधें निघालीं. २०१९ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या तीन द्रव्यांच्या औषधानें हजारों रोग्यांचें जीवन पालटलें आहे. परंतु आरंभीं त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती, आणि जनुकाच्या प्रत्येक बिघाडावर तें चालत नाहीं. ज्या बिघाडावर तें विशेष लागू पडतें, तो आपल्या देशांत युरोपाइतका सार्वत्रिक नाहीं. तेव्हां आपल्याकडील बहुतेक घरांचा भरंवसा अजून ताट, खेळ व रुग्णालयाची वारी यांवरच आहे.

शाळेचें कर्तव्य

हा भरंवसा व्यर्थ नाहीं. १९३८ सालीं या रोगाचीं मुलें सहसा शाळेच्या वयास पोहोंचत नसत. आज सधन देशांत या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक प्रौढ वयाचे आहेत. नवीं औषधें येण्याच्या पुष्कळ आधींपासून हा पालट सुरू झाला होता, व त्यांत रोजच्या निगेचा वांटा फार मोठा आहे.

ही निगा एकट्या आईनें होण्यासारखी नाहीं. दिवसाचा मोठा भाग मूल शाळेंत घालवितें. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, एखादा सोबती डब्याबरोबर गोळ्या घेतो, खोकून कफ काढतो, वरचेवर पाणी पितो किंवा तांतडीनें बाहेर जाण्याची परवानगी मागतो, तर त्याची थट्टा करूं नका. त्यास खेळांत घ्या. आणि तो रुग्णालयांत असेल तेव्हां त्याच्यासाठीं धड्यांचीं टिपणें उतरून ठेवा. स्वतःस सर्दी असेल तर त्याच्यापासून थोडे दूर राहा व हात धुवा. शिक्षकांनीं त्यास पाणी, मीठ, गोळ्या व विसांवा यांची मोकळीक द्यावी, परंतु अभ्यासांत दयेची सूट देऊं नये; कारण त्यास मोठें व्हावयाचें आहे. दुर्बळाचा भार वांटून घ्यावा, ही शिकवण आम्ही प्रार्थनेच्या वेळीं रोज ऐकतों. ती आचरणांत आणण्यास आपल्या शेजारच्या बाकापासूनच आरंभ करितां येईल.