चमकतं ते सगळं कर्करोग नसतं

मागच्या वेळी इथे विठ्ठलवाडीत व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, चमकणारं औषध टोचून कर्करोग आधीच कळतो म्हणे. आपल्याला करून घेता येईल का?" आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

आधी प्रकाश. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं तर डोळ्यांना काही दिसत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मात्र बरेचदा पुढचा दिवा लुकलुकताना दिसतो. तो निअर-इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याला लागून असलेला अवरक्त प्रकाश. रक्त त्याला कमी शोषतं, म्हणून तो शरीरात अधिक खोल जातो. अधिक म्हणजे किती? जेमतेम सेंटीमीटरभर.

आता रंगद्रव्य. इंडोसायनिन ग्रीन हे १९५० च्या दशकापासून वापरात आहे. शिरेतून दिलेलं हे द्रव्य अवरक्त प्रकाशात चमकतं. पण ते कर्करोग ओळखत नाही. रक्त नेईल तिथे जातं, सुजेतही साचतं. पाफोलासायनिन त्याहून नेमकं. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी बहुधा फोलेट जास्त पकडतात. हे द्रव्य तिथेच जाऊन चिकटतं. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण कशासाठी? शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला गाठ दिसावी म्हणून. निरोगी माणसाच्या तपासणीसाठी नव्हे.

आपले नैयायिक काय सांगतात? धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, कारण अग्नीवाचून धूर नसतो. ही झाली व्याप्ती. चमक आणि कर्करोग यांत अशी व्याप्ती नाही. चमक ही खूण आहे, निदान नव्हे.

मग लवकर कळायचं कसं? टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींच्या गर्भाशयमुखाची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तीही दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या हातून. साधन काय, तर सौम्य ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरमधलंच. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. बघा, हा पांढरा डागही नुसती खूणच! पण तिथे न थांबता पुढची खात्रीची तपासणी आणि उपचार झाले. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

तेव्हा ताई, चमकणाऱ्या औषधाची वाट बघू नका. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि एकट्या जाऊ नका, शेजारणीलाही घेऊन जा.