चालकाची निवड आणि आज्ञेची भाषा

भोसरी, निगडी, आकुर्डी, आळंदी या परिसरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे संघ दरवर्षी स्पर्धेसाठी रोबो घडवितात. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ साली तोक्यो येथे सुरू केलेली ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा त्यांच्या विशेष परिचयाची आहे. तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ आणि २०१४ साली पुण्यात झाली. २००८ चा विषय ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी, हा होता. २०२२ साली नवी दिल्लीच्या यजमानपदाखाली झालेल्या स्पर्धेचा विषय ‘लगोरी’ होता. नियम दरवर्षी बदलतात. काही यंत्रे स्वयंचलित असतात, काही माणसाने चालवावयाची असतात. सामना मात्र साधारणतः तीन मिनिटांत आटोपतो. अनेकांचे कित्येक महिन्यांचे श्रम त्या अल्प काळापुरते एका विद्यार्थ्याच्या बोटांवर विसंबून राहतात. तो विद्यार्थी कोण असावा, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हे.

या जागेवर सामान्यतः तीन दावे सांगितले जातात. पहिला कर्त्याचा: ज्याने यंत्र घडविले त्याने ते चालवावे. दुसरा ज्येष्ठतेचा: अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यास ही शेवटचीच संधी. तिसरा कौशल्याचा: ज्याची फेरी सर्वांत जलद, तो चालक. यांपैकी पहिले दोन दावे समजण्याजोगे असले तरी ते चालविण्याच्या क्षमतेचे पुरावे नव्हेत. शिवाय ज्येष्ठ विद्यार्थ्याबरोबर त्याच्या हाताचा अनुभवही महाविद्यालयाबाहेर जातो. तिसरा दावा वरकरणी निर्विवाद वाटतो. परंतु ‘सर्वांत जलद’ याचा अर्थ आधी निश्चित केला पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उमेदवाराने पाच फेऱ्या अनुक्रमे ४८, ५०, ४७, ९५ आणि ४९ सेकंदांत पूर्ण केल्या. दुसऱ्याने त्याच फेऱ्या ५६, ५७, ५५, ५८ आणि ५६ सेकंदांत. सर्वोत्तम वेळ पाहिली तर पहिला सरस. मधली वेळ पाहिली तरीही तोच. सरासरी मात्र पहिल्याची ५७.८, तर दुसऱ्याची ५६.४ सेकंद येते, कारण पहिल्याची एक फेरी फसली आहे. साखळी सामन्यांत अशी एखादी चूक भरून काढता येते. बाद फेरीत तीच चूक संघाला घरी पाठविते. तेव्हा कोणते माप लावावयाचे, हे चाचणीपूर्वीच जाहीर झाले पाहिजे. निकालानंतर निवडलेले माप बहुधा आवडत्या उमेदवाराचे असते. चाचणीत उमेदवारांचा क्रम आलटून-पालटून ठेवणेही आवश्यक आहे; अन्यथा एकाला भरलेली बॅटरी आणि दुसऱ्याला उतरलेली, असा अन्याय नकळत घडतो.

तथापि एवढ्यानेही चाचणी पूर्ण होत नाही. मैदानात चालक एकटा नसतो. रोबोकॉनमध्ये मैदानावर तीन विद्यार्थी असतात, आणि चालकाला न दिसणारी बाजू पाहून त्याला सांगणारा सहकारी, म्हणजे सूचक, तितकाच महत्त्वाचा ठरतो. येथून हा प्रश्न भाषेच्या क्षेत्रात येतो.

सूचक म्हणतो, “डावीकडे.” कोणाच्या डावीकडे? रोबो चालकाकडे पाठ करून असेल तोवर दोघांची डावी बाजू एकच. तो वळून समोर आला की ती परस्परविरुद्ध होते. ‘पुढे’ आणि ‘मागे’ या शब्दांचेही तसेच. फिट्स व सीगर यांनी १९५३ साली दाखवून दिले की प्रतिसादाचा वेग केवळ संकेतावर किंवा केवळ हालचालीवर अवलंबून नसतो. तो त्या दोहोंच्या जुळणीवर अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेचे भाषक डाव्या-उजव्याऐवजी दिशांची नावे वापरतात, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको. या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांत ओव्हरहेड क्रेनच्या लोंबत्या पेंडंटवर पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशाच खुणा आढळतात. कारण चालवणारा कामगार क्रेनखाली फिरत असतो आणि त्याची डावी बाजू त्याच्याबरोबर फिरते. रोबोच्या मैदानाचे तांबडा व निळा असे दोन भाग असतात. ‘लालकडे’ आणि ‘निळ्याकडे’ या आज्ञा कोण कोठे उभा आहे यावर अवलंबून राहत नाहीत.

ध्वनीच्या दृष्टीनेही हा बदल हिताचा आहे. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या शब्दांचे शेवटचे तीन अक्षरोच्चार समान आहेत. भेद आरंभी आहे, आणि गोंगाटात नेमका आरंभ हरवला तर हाती उरतो तो सारखाच भाग. मिलर व नाइसली यांनी १९५५ साली इंग्रजी व्यंजनांवर केलेल्या प्रयोगांत गोंगाटामुळे उच्चारस्थानाचा भेद लवकर लोपतो, तर घोषत्व व अनुनासिकत्व अधिक काळ टिकते, असे आढळले होते. ‘थांब’ आणि ‘थोडं’ या दोन आज्ञांचा आरंभ तर एकाच व्यंजनाने होतो, आणि अर्थ जवळजवळ विरुद्ध!

याहून सूक्ष्म अडचण आदराची आहे. चालक चौथ्या वर्षाचा आणि सूचक दुसऱ्या वर्षाचा असेल, तर “थांब” हा आज्ञार्थ सूचकाच्या तोंडून निघत नाही, “दादा, जरा थांबता का?” असे निघते. तेवढ्यात यंत्र कठड्यावर आदळते. शार्लट लिंडे यांनी १९८८ साली विमानचालकांच्या संभाषणाचा अभ्यास करून सौम्य केलेली सूचना ऐकणाऱ्याकडून अधिक वेळा डावलली जाते, असे दाखविले. क्रेनच्या कामात यावर जुना तोडगा आहे: हालचालीचे इशारे एकानेच द्यावयाचे, परंतु थांबण्याचा इशारा कोणीही दिला तरी तो पाळावयाचा. त्या एका शब्दापुरते वय आणि वर्ष विसरले जाते.

महाभारतातील कर्णाने शल्याला सारथ्यासाठी निवडले ते त्याच्या अश्वविद्येमुळे. त्या निवडीत चूक नव्हती. पण रणात शल्याच्या वाणीने कर्णाचे मन खचविले. कौशल्याची परीक्षा झाली होती, जोडीची झाली नव्हती.

सराव-सामन्यांचे खरे प्रयोजन हेच होय. तेथे प्रत्येक उमेदवाराने निरनिराळ्या सूचकांबरोबर, रोबो समोरून येत असताना, प्रत्यक्ष गोंगाटात फेऱ्या कराव्यात. वेळेबरोबर चुका आणि उशिरा पाळल्या गेलेल्या आज्ञांचीही नोंद ठेवावी. राखीव जोडीत एक धाकटा विद्यार्थी असावा, म्हणजे अनुभवाचा धागा तुटणार नाही. अशा रीतीने झालेली निवड सर्वांना रुचेलच असे नाही. परंतु ज्याची निवड झाली नाही त्याला तिची कारणे आकड्यांत आणि शब्दांत सांगता येतील. ज्याने महिनोन्महिने खपून ते यंत्र घडविले, त्याचा तेवढा अधिकार निश्चितच आहे.