घरच्या लेथवर कोरलेला आवाज

रेकॉर्ड लेथ हे यंत्र ग्रामोफोनच्या उलट काम करते. ग्रामोफोनमध्ये सुई खाचेच्या वळणांनी थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. लेथमध्ये आवाज आधी असतो. विद्युतप्रवाहाच्या रूपाने तो कटिंग हेडच्या कॉइलमध्ये शिरतो, हेडला बसवलेली कोरणी थरथरते आणि खाली फिरणाऱ्या कोऱ्या तबकडीवर नागमोडी खाच पडत जाते. यंत्राचे मुख्य भाग तीनच आहेत: एकसारख्या वेगाने फिरणारी जड थाळी, कोरणी धरणारे हेड आणि ते हेड कडेकडून केंद्राकडे सावकाश सरकवणारा लीड स्क्रू. कारखान्यातल्या लेथवर ज्यांनी आटे पाडले आहेत त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. अवघड आहे ते यंत्र उभे करणे नव्हे. जागेचा हिशेब जमवणे अवघड आहे.

बारा इंची तबकडीवर ध्वनी कोरण्याजोगा पट्टा केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ६० मिलिमीटरवर संपतो. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूला २० मिनिटे धरली, तर या ८६ मिलिमीटरमध्ये ६६७ वेढे बसवावे लागतात. म्हणजे एका वेढ्याच्या वाट्याला जेमतेम १२९ मायक्रोमीटर. खाच स्वतःच ५०-६० मायक्रोमीटर रुंद असते. उरलेली ७० मायक्रोमीटर जागा शेजारच्या दोन खाचांनी वाटून घ्यायची, म्हणजे प्रत्येकीला डुलायला फार तर ३५.

आता या जागेत खर्जाचा सूर बसवून पाहावा. कोरणीचा कमाल वेग सेकंदाला ७ सेंटिमीटर ठेवला, तर १००० हर्ट्झच्या सुरासाठी ती मध्यरेषेपासून ११ मायक्रोमीटर सरकते. तोच वेग ५० हर्ट्झच्या सुराला दिला तर हे अंतर वीसपट होते, सुमारे २२५ मायक्रोमीटर. कोरणी शेजारची खाच ओलांडून पलीकडे जाईल. म्हणून कोरण्याआधी खर्ज दाबतात आणि तार सूर उचलतात. वाजवताना ॲम्प्लिफायर याच्या नेमके उलटे करून मूळ तोल परत आणतो. या दाबण्या-उचलण्याचे प्रमाण अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवून दिले आणि आरआयएए वक्र या नावाने ते जगभर रूढ झाले. या वक्रानुसार ५० हर्ट्झचा सूर सुमारे १७ डेसिबलने दबतो, आणि २२५ मायक्रोमीटरचे ३२ होतात. वरच्या ३५ मध्ये ते बसतात. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका चोख तोडगा क्वचितच सापडतो. तार सूर उचलण्याचा फायदा वेगळा: वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते.

या उचलण्याची किंमत मात्र गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ या वर्णांना मोजावी लागते. त्यांची ऊर्जा तार पट्टीत असते. ती आणखी वाढली की कॉइल तापते आणि वाजवणाऱ्या सुईला इतकी तीव्र वळणे घेता येत नाहीत. त्यातून चिरका आवाज निघतो. तबकडीच्या आतल्या भागात हा त्रास वाढतो, कारण तिथे खाच सुईखालून सावकाश जाते. कडेला सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत फक्त २१. १५ हजार हर्ट्झच्या लहरीला कडेला ३४ मायक्रोमीटर लांबी मिळते, आत १४. म्हणूनच जाणकार कोरणारे झांजांनी भरलेले, मोठ्या आवाजाचे गाणे बाजूच्या सुरुवातीला ठेवतात आणि शांत गाण्याला शेवटची जागा देतात.

स्टिरिओची, म्हणजे एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन आवाज बसवण्याची, युक्ती ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांची. पेटंटचा अर्ज १९३१ चा. ९० अंशांच्या कोनात कोरलेल्या खाचेच्या आतल्या भिंतीवर डावा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजवा. दोन्हींत सारखे असेल ते कोरणीला आडवे हलवते. दोन्हींत उलट असेल ते वर-खाली. खर्ज दोन्ही बाजूंना उलट दिशेने आला तर खाच मध्येच इतकी उथळ होते की सुई उडते. त्यामुळे साधारण १५० हर्ट्झच्या खालचा आवाज मोनो करूनच कोरणीकडे पाठवतात. घरी हेड बनवणारे हौशी लोक बहुधा दोन लहान स्पीकर एकमेकांशी काटकोनात बसवतात आणि त्यांची हालचाल बारीक दांड्यांनी कोरणीपर्यंत नेतात.

व्यावसायिक स्टुडिओत नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप दिलेली ॲल्युमिनियमची तबकडी वापरतात. ती लोण्यासारखी कापली जाते, पण तिचा कीस क्षणात पेट घेतो. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत नष्ट झाला, तेव्हा जगभरातल्या लॅकर तबकड्यांचा मोठा पुरवठा एका दिवसात थांबला. घरच्या लेथवर बहुतेकदा पीईटीजी किंवा पॉलिकार्बोनेटच्या चकत्या चढतात. हे प्लास्टिक लॅकरपेक्षा कठीण असल्याने कोरणी हिऱ्याची लागते आणि तिच्याभोवती निक्रोमची तार गुंडाळून ती गरम ठेवतात. गरम कोरणीची खाच गुळगुळीत येते. निघणारा केसासारखा कीस शेजारच्या नळीने सतत ओढून घ्यावा लागतो, नाहीतर तो कोरणीत गुंततो आणि पुढची खाच बिघडते. कापताना थाळीवर ओढ पडते, म्हणून मोटर जोरकस हवी. जर्मनीत बनलेला टी-५६० हा संच टेक्निक्सच्या एसएल-१२०० या दमदार टर्नटेबलवरच बसवण्यासाठी तयार झाला तो याच कारणाने.

घरगुती कोरणकामाचा सर्वांत धाडसी अध्याय लेनिनग्राडमधला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेने जाझ आणि देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी वर्ज्य ठरवली होती. शहरातल्या एका दुकानात जर्मनीहून आलेले टेलिफुंकेनचे कोरणयंत्र होते. लोक तिथे आपल्या आवाजाची आठवण कोरून घेत. रुस्लान बोगोस्लोव्स्की या तरुणाने ते निरखून तसेच यंत्र स्वतः बनवले. कोऱ्या तबकड्या मिळत नसत, तेव्हा रुग्णालयांनी टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म गोल कापून त्यांवर खाच कोरली जाई. बरगड्यांच्या आणि कवट्यांच्या चित्रांवर तीन-एक मिनिटांचे गाणे, तेही एकाच बाजूला. बोगोस्लोव्स्कीला १९५० मध्ये अटक झाली आणि सुटल्यावर त्याने पुन्हा हेच काम सुरू केले. त्या फिल्मवरचा आवाज खरखरीत आणि अल्पायुषी होता, तरी लोकांनी तो जोखीम पत्करून विकत घेतला.

आज शिकायला सुरुवात करणे सोपे झाले आहे. जपानच्या गाक्केनने २०२० मध्ये पाच इंची तबकडी कोरणारे खेळण्यासारखे यंत्र आणले, आणि स्वीडनच्या टीनएज इंजिनिअरिंगने २०२३ मध्ये त्याच धर्तीचे. दोन्हींवर मोनो आवाजाची मोजकी मिनिटे मावतात. खाच, पिच (दोन वेढ्यांमधले अंतर) आणि आवाजाची पातळी यांचे नाते हाताने अनुभवायला तेवढी पुरेशी आहेत. गंभीर काम करणाऱ्याला मात्र सूक्ष्मदर्शक हवाच: खाचेची रुंदी आणि दोन खाचांमधली मोकळी जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पातळी ठरवता येत नाही.

कोरलेली प्रत्येक तबकडी ही स्वतंत्र प्रत असते आणि २० मिनिटांची बाजू कोरायला २० मिनिटेच लागतात. दोन्ही बाजूंच्या पंचवीस प्रती म्हणजे जवळजवळ १७ तासांचे काम. शेकड्यांनी प्रती हव्या असतील तर लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन त्यावरून निकेलचे साचे काढावे लागतात आणि त्या साच्यांत विनाइल दाबावे लागते. ते काम कारखान्याचे आहे. दहा-वीस प्रतींसाठी साच्याचा खर्च परवडत नाही; तिथे घरच्या लेथला पर्याय नाही.