मांजराच्या पिसवा आणि घराचा बंदोबस्त
बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, धान्याच्या पोत्यांची उंदरांपासून राखण करणाऱ्या मांजराच्या अंगावर पिसवा दिसल्या, की सारा उपाय त्या बिचाऱ्या प्राण्यावरच चालतो. वास्तविक पिसवेची अंडी केसांतून घरंगळून सारवलेल्या भुईच्या भेगांत आणि गोधडीच्या शिवणींत पडतात, व कोशातील कीटक तेथे कित्येक आठवडे दबा धरून राहतो. विंचरताना निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर तांबूस विरघळले, तर ती पिसवांची रक्तयुक्त विष्ठा समजावी. गोधड्या कढत पाण्यात धुवाव्यात, भेगा बुजवाव्यात, केर रोज बाहेर टाकावा. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मात्र मांजराला कदापि लावू नये, कारण ते त्याच्या जिवावर बेतते.