नकाशा, दाखला आणि पाहणी : मुंबईच्या इमारत-नियमांचा मागोवा

मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 साली संमत झाला आणि आपल्या जमिनीवर घर बांधू इच्छिणाऱ्याने तत्पूर्वी आयुक्तांना लेखी नोटीस द्यावी, हा दंडक त्याच्या 337व्या कलमाने घालून दिला. मालकाचा बांधण्याचा हक्क या कायद्याने गृहीत धरला, आणि सादर झालेल्या नकाशांविषयी आपली नापसंती व ती दूर होण्याच्या अटी आयुक्तांनी ठरीव मुदतीत कळवाव्यात, अशी योजना केली. आज वास्तुविशारद आणि बिल्डर ज्याला ‘आयओडी’ म्हणतात, तो कागद अशा अटींचाच असतो. या अटींची पूर्तता झाल्यावर जोत्यापर्यंतचे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे ‘सीसी’, मिळावा. जोते मंजूर नकाशाबरहुकूम आहे अशी खात्री झाल्यावर पुढील मजल्यांना मुभा मिळावी. आणि काम पुरे होऊन भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’, हाती आल्यावाचून कुणी तेथे राहावयास जाऊ नये, ही पद्धत मात्र पुढील पाऊणशे-शंभर वर्षांत क्रमाक्रमाने सिद्ध होत गेली.

या क्रमातील पहिला मोठा धक्का प्लेगचा होता. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले, आणि ज्या चाळींच्या खोल्यांत सूर्यकिरण शिरत नव्हता व वाऱ्याला वाट नव्हती, त्या चाळी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, याची तीव्र जाणीव राज्यकर्त्यांना झाली. 1898 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती वसविल्या. परंतु त्याची चिरस्थायी देणगी म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाश-नियम होय. खोलीच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत कल्पिलेली रेषा क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक कोन करू नये, असा तो नियम. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी जागा मध्ये मोकळी राहावी. तळमजल्यावर राहणाऱ्या दरिद्री कुटुंबालाही प्रकाशाचा वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व भूमितीच्या एका रेषेत इतक्या निःसंदिग्धपणे मांडणारा दुसरा नियम या शहराच्या दप्तरात मला आढळत नाही.

ट्रस्ट 1933 साली महापालिकेत विलीन झाला. त्यानंतर महायुद्ध, फाळणी आणि स्थलांतर यांमुळे घरटंचाई पराकोटीला पोहोचली. 1947 च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडेकरूला बेदखल होण्यापासून संरक्षण दिले, ही त्याची थोर कामगिरी निर्विवाद आहे. तथापि भाडी 1940 च्या पातळीवर गोठल्याने दुरुस्तीवर खर्च करण्याची मालकांची इच्छा आणि पुष्कळदा ऐपतही आटली. इमारत बांधताना तिची कसून तपासणी करणारी यंत्रणा होती, पण ती जीर्ण होत असता तिची काळजी कोणी वाहावी, याची तजवीज दीर्घकाळ झालीच नाही. अखेर 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, आणि शहर भागातील एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी शासनाने आपल्याकडे घेतली.

दरम्यान 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि 1967 साली मंजूर झालेली पहिली विकास योजना यांनी चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे ‘एफएसआय’, ही भूखंडाच्या मानाने बांधकामाच्या क्षेत्राची मोजणी रूढ केली. 1991 च्या नियमावलीने तो शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 असा ठरविला. त्यापुढील काळात परवानगीविषयीच्या चर्चेत उजेड-वाऱ्यापेक्षा चौरस फुटांचा हिशेब प्रबळ झाला, हे खेदाने नमूद केले पाहिजे. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीच्या प्रकरणाची सुरुवात मात्र त्याआधीच, 1980 च्या दशकात झाली होती. पाच मजल्यांचा नकाशा मंजूर असता तेथे वीस मजल्यांपर्यंत बांधकाम झाले, भोगवटा प्रमाणपत्राविना लोक राहावयास गेले, आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले नियमित करण्यास नकार दिला, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या कुटुंबांवर आकाश कोसळले. काम चालू असतानाची पाहणी जर वेळच्या वेळी निर्धाराने झाली असती, तर तो सहावा मजला उभाच राहिला नसता.

त्याच वर्षी 27 सप्टेंबरला डॉकयार्ड रोडजवळची, महापालिकेच्याच मालकीची आणि तिच्याच कर्मचाऱ्यांनी वसलेली इमारत कोसळून 61 माणसे मृत्युमुखी पडली. जुलै 2017 मध्ये घाटकोपरच्या साईदर्शन इमारतीच्या तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू असता ती ढासळली आणि 17 जण दगावले. पुढच्याच महिन्यात भेंडीबाजारातील हुसैनी इमारतीखाली 33 जण गाडले गेले. नियमांचा अभाव हे यांपैकी एकाही दुर्घटनेचे कारण सांगता येणार नाही. धोकादायक इमला खाली करविण्याचा अधिकार 354व्या कलमाने आयुक्तांना दिलेलाच आहे. तीस वर्षांवरील इमारतींनी संरचनात्मक स्थैर्याचा दाखला सादर करावा, असे 353 ब हे कलम सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्याची तरतूद आहे. आणि अग्निसुरक्षेच्या 2006 च्या कायद्यानुसार प्रतिवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये आग-प्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचा दाखला देणे बंधनकारक आहे.

एकशे तीसहून अधिक वर्षांच्या या वाटचालीवरून माझा निष्कर्ष असा आहे, की या नगरीने इमारतीच्या जन्माची नोंद काटेकोरपणे ठेवली, पण तिच्या पुढील आयुष्याची विचारपूस ती कोसळल्यावर केली. नवीन नियमावली 2018 साली अंमलात आली आणि नकाशांची छाननी संगणकावर होऊ लागली, ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु खांबाला गेलेला तडा पाहण्यासाठी जाणत्या अभियंत्याला जिना चढून प्रत्यक्ष जावेच लागते. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे, की घर घेताना ओसी स्वतः मागून वाचावी, आपल्या संस्थेचे स्ट्रक्चरल ऑडिट खर्चाच्या सबबीखाली पुढे ढकलू नये, आणि शेजारी कुणी तुळईला वा खांबाला हात घालताना दिसल्यास भीड न बाळगता त्याच दिवशी विभाग कार्यालयात लेखी तक्रार नोंदवावी.